विश्वनाथ साळवे आणि मी न दिलेली साक्ष

विश्वनाथ साळवे गेले त्याला आता दीड महिना होईल. रविवारी दुपारी तुर्भ्याच्या विहारातला संविधानाचा वर्ग आटोपून ते कोपरखैरण्याला घरी आले, हातपाय धुऊन ताटावर बसले आणि पहिला घास हातातच राहिला... वहिनींचा फोन आला तेव्हा मी वाशीला माझ्या घरी शब्दकोडं सोडवत होतो. तसाच उठून गेलो. पुढचे दोन दिवस कसे गेले ते मला धड आठवत नाही. आठवतो तो तिसऱ्या दिवशीचा फ्लेक्स. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, रिक्षा स्टँडच्या वर, सुतळीनं बांधलेला. 'संविधानाचे गाढे अभ्यासक, आमचे मार्गदर्शक विश्वनाथ साळवे यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली कोपऱ्यात साळव्यांचा पासपोर्टएवढा फोटो, आणि डावीकडे वरपासून खालपर्यंत एक माजी आमदार. पांढरे कपडे, जोडलेले हात, आणि हसतोय. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर माणसाला हसू कसं येतं हे मला आजवर कळलेलं नाही. मी तिथंच, भर रस्त्यात, खाली बसलो. बाजूच्या रसवंतीवाल्यानं स्टुलावर बसवून पाणी दिलं. त्याला वाटलं, उन्हानं झालं असेल.

ऊन नव्हतं ते. ज्या माणसाला पुन्हा कधीही निवडणुकीला उभं राहता येऊ नये म्हणून साळव्यांनी आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं खर्ची घातली, तोच हा माणूस. आणि तो आज ज्या ऐटीत त्यांच्या फोटोशेजारी उभा आहे, ती ऐट त्याला मिळवून देण्यात माझा वाटा आहे. या अंकाच्या संपादकांनी मला 'दिलखुलास आठवणी' लिहायला सांगितल्या आहेत. दिलखुलास जमेल की नाही माहीत नाही, पण लिहितो.

साळवे मूळचे परभणीकडचे. महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि बदल्या होत होत कोकणातल्या आमच्या तालुक्याला आले. मी तिथल्या हायस्कुलात मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवायचो. मास्तर आणि निवडणूक यांची लग्नगाठ सरकारनंच बांधलेली असल्यामुळे आमची ओळख व्हायचीच होती. तहसील कचेरीतल्या प्रशिक्षणात ते मतदान यंत्र सील कसं करायचं ते दाखवत होते. मी मागच्या बाकावर बसून शेजाऱ्याशी गप्पा मारत होतो, अगदी माझी वात्रट पोरं वर्गात मारतात तसा. साळवे सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि दोरा माझ्या हातात दिला. म्हणाले, "सर, बांधा बरं." मी बांधली गाठ. त्यांनी ती दोन बोटांनी सोडून दाखवली आणि काही न बोलता पुढच्या माणसाकडे गेले. चहाच्या वेळी मी स्वतःहून त्यांच्याकडे गेलो आणि गाठ शिकून घेतली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

ते निवडणूक शाखेत अव्वल कारकून होते. पुढे विधानसभेचे अर्ज भरायच्या आठवड्यात मला त्यांच्या टेबलाशी मदतीला बसवलं. उमेदवाराला नुसता अर्ज देऊन चालत नाही. त्याला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर संविधानाशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यावी लागते, हे नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मला तिथं बसल्यावर कळलं. शपथेचा कागद साळवे पुढे धरत. त्या वर्षी हाच मनुष्य पहिल्यांदा उभा होता. त्यानं दारात चपला काढल्या, डोक्याला रुमाल बांधला, डोळे मिटले आणि ईश्वरसाक्ष शपथ घेतली. मागं उभ्या असलेल्या त्याच्या माणसांचेही हात जोडले गेले. सगळे गेल्यावर मी साळव्यांना गमतीनं विचारलं, "समजा शपथ घेतलीच नाही तर?"

"अर्ज बाद. भल्याभल्यांचे झालेत."

"आणि घेऊन मोडली तर?"

ते कागद लावत होते. "त्याचा रकाना नाही, सर," म्हणाले.

तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. साळवे हसले नव्हते. त्यांनी त्या रात्री म्हणे घरी जाऊन पुस्तक काढलं आणि आमदार कशानं कशानं अपात्र ठरतो त्याची यादी केली. वेडा असेल तर. दिवाळखोर असेल तर. दुसऱ्या देशाचा नागरिक झाला तर, सरकारी लाभाचं पद घेतलं तर, पक्ष सोडला तर. शपथ न घेता सभागृहात जाऊन बसला तर दिवसाला पाचशे रुपये दंड. शपथ घेऊन ती पायदळी तुडवली तर... दुसऱ्या दिवशी त्यांनी ती यादी मला दाखवली आणि शेवटच्या ओळीपुढची मोकळी जागा बोटानं दाखवली.

तो निवडून आला. विधानसभेत जाऊन त्यानं दुसऱ्यांदा शपथ घेतली. पाच वर्षांनी पुन्हा उभा राहिला तेव्हा उमेदवार म्हणून तिसऱ्यांदा घेतली, पुन्हा चपला काढून. पण या वेळी लोक त्याला विटले होते. मतमोजणी तालुक्याच्या शासकीय धान्य गोदामात होती. मी सहा नंबरच्या टेबलावर पर्यवेक्षक होतो, साळवे एका टोकाला फेऱ्यांचे आकडे तक्त्यावर चढवत बसले होते. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. लाऊडस्पीकरवरून प्रत्येक फेरी जाहीर झाली की बाहेरचा त्याचा जमाव आधी ओरडायचा, मग ओरडेनासा झाला. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या आणि गोदामाचं लोखंडी दार बाहेरून हाणायला लागले. पोलीस होते सहा-सात. ते बाजूला झाले की त्यांना बाजूला केलं, हे मला सांगता येणार नाही. पण दार उघडल्यावर पहिला आत कोण आला ते मला सांगता येतं. आमदार आला. त्याच्या मागे पन्नासेक माणसं, हातात बांबू, लोखंडी खुर्च्या. टेबलांपुढे ठोकलेली जाळी पडली, टेबलं उलटली, दोन यंत्रं जमिनीवर आपटून फोडली. आम्ही मास्तर लोक भिंतीला पाठ लावून उभे. बायका रडत होत्या. आमदाराला यंत्रात रस नव्हता, त्याला तक्ता हवा होता. तोवरच्या सगळ्या फेऱ्या, सह्यांनिशी, त्या तक्त्यावर होत्या.

साळवे टेबलावर पालथे पडले. तक्ता पोटाखाली घेतला आणि टेबलाच्या दोन्ही कडा हातांनी घट्ट धरल्या. आमदारानं त्यांच्या कॉलरला धरून ओढलं. "ऊठ साळव्या. बापाचं ऑफिस आहे काय तुझ्या?" ते उठेनात. मग त्यानं त्यांच्या जातीवरून एक शब्द वापरला. तो मी इथं लिहिणार नाही. साळव्यांनी तो पुढं कोर्टात उच्चारला होता, टंकलेखकाला नीट ऐकू जावा म्हणून दोनदा. त्या शब्दानंतर आमदारानं खुर्ची उचलली आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. मी भिंतीला पाठ लावून उभाच होतो. जादा कुमक आली तेव्हा साळवे अजून टेबलावर तसेच होते. त्यांना सरळ केलं तेव्हा तक्ता घामानं ओला झाला होता पण अख्खा होता. उरलेल्या मतांचं काय करायचं ते वर ठरलं, थोड्या केंद्रांवर फेरमतदान झालं, आणि तो पडला.

संध्याकाळी सरकारी दवाखान्याच्या बाकावर मी पोलिसांना जबाब दिला. काय पाहिलं ते सगळं सांगितलं, नावानिशी. सही केली. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू? आत साळवे गळ्यात झोळी बांधून पडले होते. मला म्हणाले, "सर, शपथ मोडण्याचा रकाना नाही, पण मतमोजणीवर हल्ला करण्याचं कलम आहे. शिक्षा झाली तर सहा वर्षं उभं राहता येत नाही. सहा तर सहा." त्यांचा तो हात नंतर कधीच खांद्याच्या वर गेला नाही. शर्ट घालताना वहिनी बाही धरत.

खटला उभा राहायला चार वर्षं गेली. आणि पुढची निवडणूक सहा महिन्यांवर आलेली. आता शिक्षा झाली तर हा माणूस बाद, सुटला तर मोकळा. सगळं दोन साक्षींवर होतं. साळवे स्वतः मार खाल्लेले, शिवाय शिवी ज्या जातीवरून दिली त्याच जातीचे, तेव्हा त्यांच्या म्हणण्याला वकील 'आकस' म्हणणार हे उघड होतं. दुसरा साक्षीदार मी. बाकीच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी 'गर्दीत काही दिसलं नाही' म्हणून हात झटकले होते, आणि मी त्यांना स्टाफरूममध्ये भरपूर नावं ठेवली होती.

मला कोणी धमकी दिली नाही. धमकी दिली असती तर कदाचित मी तगलो असतो, तेवढी मग्रुरी माझ्यात होती. आमच्या संस्थेचे एक संचालक घरी आले. पोहे खाल्ले, मुलांची चौकशी केली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मग म्हणाले, संस्था नवी मुंबईत शाळा काढतेय, मुख्याध्यापकपदासाठी तुमच्यासारखा माणूस डोळ्यांसमोर आहे. फक्त कोर्टकचेऱ्यांमध्ये अडकलेला माणूस त्या पदावर बरा दिसत नाही. एवढंच. उठताना त्यांनी पोह्यांत खोबरं छान होतं असं बायकोला सांगितलं. मला मुख्याध्यापक व्हायचं होतं. फार व्हायचं होतं. माझ्यामागून आलेले दोघं झाले होते. याच्या वर कारण नाही, आणि हे कारण इतकं क्षुल्लक आहे की ते लिहिताना मला स्वतःचीच शिसारी येते.

सरकारी वकिलानं माझा जबाब वाचून दाखवला. "हा तुम्हीच दिलात?" मी म्हणालो, पोलिसांनी काय लिहून घेतलं मला ठाऊक नाही. "आरोपीला तुम्ही पाहिलंत?" मी म्हणालो, गर्दी होती, चेहरे ओळखू आले नाहीत. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. किती फितूर पाहिले असतील त्यांनी... त्यांच्या नजरेत रागही नव्हता, कंटाळा होता. आरोपीच्या बाकावरून आमदारानं मला किंचित मान लववून नमस्कार केला, गावातल्या गुरुजींना करतात तसा. नागरिकशास्त्राचा मास्तर मी. 'साक्ष देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे' असं दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो, आणि पोरांनी ते वहीत उतरवलं नाही तर छडी मारत होतो.

बाहेर आलो तर साळवे व्हरांड्यात उभे. मला वाटलं आता हा माणूस थुंकेल माझ्यावर. थुंकले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चला सर, अडीचची एसटी सापडंल." दोन तास आम्ही एका बाकावर बसून आलो. ते खिडकीबाहेर बघत गावाकडच्या ज्वारीबद्दल बोलत होते, हुरडा कसा असतो, कोणत्या दिवसांत खावा. मी 'हो का?' 'हो का?' करत होतो. आमदार सुटला. निवडून आला. विधानसभेतला शपथविधी टीव्हीवर दाखवत होते तेव्हा मी योगायोगानं साळव्यांकडे होतो. तो व्यासपीठावर आला, माइकसमोर उभा राहिला, आणि साळवे शांतपणे म्हणाले, "ही पाचवी, सर." मग वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

त्यानंतर मी मुख्याध्यापक होऊन इकडे, नवी मुंबईत आलो. साळवे नायब तहसीलदार होऊन निवृत्त झाले आणि कोपरखैरण्याला बैठ्या घरात राहायला आले, वहिनींचे भाऊ जवळ राहतात म्हणून. बघता बघता आमचा रविवार ठरून गेला. सकाळी त्यांचा तुर्भ्याचा वर्ग. ट्रक धुणारे, कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या बाया, कोणी पदवीची परीक्षा देणारे, सगळे मांडी घालून बसायचे, आणि साळवे एक हात वर आणि एक हात खाली अशा अवस्थेत मूलभूत हक्क समजावून सांगायचे. संध्याकाळी मी त्यांच्याकडे. खटल्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही मूग गिळून राहिलो. मनात म्हणायचो, विसरले असतील. माणूस स्वतःला काय काय पटवतो!

ते विसरले नव्हते. ते अर्ज लिहीत होते. ज्याला ज्याला म्हणून काही करणं शक्य आहे त्या प्रत्येकाला. मागणी एकच: कायद्यात तो रकाना घाला. मसुदा ते मला दाखवायचे, "सर, भाषा बघा जरा." आणि मी, हातात लाल पेन घेऊन, ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करायचो! 'ज्याने संविधानाशी निष्ठा राखण्याची शपथ घेतली, आणि नंतर संविधानाने चाललेल्या कामावर हात उचलला, तो पुन्हा कोणत्याही पदासाठी उभा राहण्यास कायमचा अपात्र असेल.' वाशीच्या पोस्टात जाऊन रजिस्टर करून यायचे. उत्तर आलं तर 'आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे' एवढंच. दुसऱ्या एका देशानं यादवी युद्ध संपल्यावर असं कलम आपल्या घटनेत घातलं होतं हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मी विचारलं, "मग तिथं तरी चालतं का ते?" ते म्हणाले, "कलम हाय. पण ते लावायचं कोणी, यावर भांडण चालू हाय. आपल्यासारखीच माणसं ती पण."

एकदा मी त्यांच्याशी वाद घातला. खरं तर मला आतून काहीतरी टोचत होतं म्हणून घातला. म्हटलं, "साळवे, तुम्ही कोण कायमचं अपात्र ठरवणारे? लोकशाही आहे. नालायक असेल तर लोक पाडतील."

"पाडलंच व्हतं की लोकांनी. त्यो मोजूच द्येत नव्हता. मोजू दिलं नाही तर लोकांनी पाडलं हे कळायचं कसं?"

"बरं, पण उद्या सरकार याच कलमानं आपल्या विरोधकांना उचलून बाद करील. मोर्चा काढला, म्हणे शपथ मोडली."

ही भीती त्यांना खरी वाटत होती. त्यांनी स्वतः तरुणपणी कितीतरी मोर्चे काढले होते. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. म्हणून नुसत्या आरोपावर नको. कोर्ट पाहिजे. पुरावा पाहिजे. साक्षीदार..." आणि तिथं ते थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही. उठून दाराबाहेर गेले आणि वाळत घातलेला टॉवेल उगाच काढून पुन्हा झटकून घातला. मी पुढच्या कागदावरच्या वेलांट्या तपासत राहिलो. सगळ्या बरोबर होत्या.

तेव्हा बोललो असतो तर? नाही बोललो. नंतरही रविवार येत राहिले. वहिनी दर वेळी मला आवडतं म्हणून शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून देत, आणि मी ती घेऊन येत होतो.

शोकसभा वाशीला एका हॉलमध्ये झाली. आमच्या तालुक्यातून इकडे आलेल्यांचं एक रहिवासी मंडळ आहे, त्यांनी घेतली. मंडळाच्या कार्यकर्त्याचा आदल्या दिवशी मला फोन: "सर, तुमी टेन्शन नका घेऊ, सगळं अरेंज आहे. बॅनर, साउंड, सगळं. साहेब स्पेशल येतायत. दहाच मिन्टं थांबतील." मी म्हटलं, कोण साहेब? तो हसला, मी विनोद केला असं समजून. साहेबांचं नाव यंदा विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासाठी चाललंय, आणि तुर्भ्याच्या वर्गाला येणाऱ्यांच्या वस्त्यांमध्ये साळव्यांचं नाव सांगितलं की दारं उघडतात. मला जायचं नव्हतं. पण गेलो, आणि व्यासपीठावर बसलो, 'कौटुंबिक स्नेही' म्हणून. खुर्च्या अशा लावल्या होत्या की तो माझ्या शेजारी आला. अत्तराचा वास येत होता. त्यानं फोटोला हार घातला. दारातच चपला काढून आला होता. माइकवर म्हणाला, साळवेसाहेब संविधानाचे सच्चे पाईक होते, त्यांच्याशी माझे काही मतभेद झाले, पण मनभेद नव्हते. टाळ्या पडल्या. मोडलेल्या खांद्याला तो मतभेद म्हणत होता! चोराच्या उलट्या बोंबा तरी मोठ्यानं असतात. हा तर मऊ आवाजात, डोळे पुसत बोलत होता, आणि लोक ऐकत होते, आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. मला त्याची किळस आली. टाळ्या वाजवणाऱ्यांची आली. पण सगळ्यात जास्त किळस पुढ्यातल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत गप्प बसलेल्या त्या निवृत्त मुख्याध्यापकाची आली, म्हणजे माझी.

जाताना तो पायऱ्यांवर थांबला, माझा हात दोन्ही हातांत धरला. "गुरुजी, तुमचे उपकार मी विसरलेलो नाही हं." आणि गाडीत बसला. वहिनी माझ्या मागच्याच पायरीवर होत्या.

तीन आठवडे मी कोपरखैरण्याला गेलो नाही. मग संपादकांचा फोन आला. तारखा, गावाचं नाव विचारायचं म्हणून गेलो. वहिनींनी मला बाहेरच्या खोलीत न बसवता साळव्यांच्या आतल्या खोलीत नेलं. मी तिथं कधी गेलो नव्हतो. इवलीशी खोली. टेबल, भिंतीवर बाबासाहेब, फायलींचा ढीग, आणि दाराच्या कडीला अडकवलेले दोन शर्ट, दोन्हींच्या डाव्या बाहीची शिवण बगलेपर्यंत उसवून तिथं बटणं लावलेली. हात वर न नेता घालता यावेत म्हणून. मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्यांना बाहेर शर्टात पाहिलं आणि कधी लक्षात आलं नाही.

"गुर्जी," वहिनी दारातच उभ्या होत्या, "त्यो माणूस कसल्या उपकाराचं बोलला?"

मी टेबलावरच्या फायली सरळ करायला लागलो.

"ह्यांना मी इचारलं व्हतं. कोर्टातून आले तवा. म्हनलं, गुर्जींनी असं कसं केलं? तर मला म्हनले, गुर्जींवर राग धरू नको. त्या गोदामात खांब हाय. गुर्जी खांबाच्या मागं उभे व्हते, त्यांना दिसलं नाही. मानूस दिसलं नाही तर दिसलं नाही म्हननार. खोटं थोडंच सांगनार... मी म्हनलं, मग बरोबर हाय. मी चटनी देत ऱ्हायले तुमाला." त्या आत आल्या. "खरं सांगा. खांब व्हता का?"

धान्याचं गोदाम ते. पत्र्याचं छप्पर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोकळं, पोत्यांच्या थप्प्या लावता याव्यात म्हणून. साळव्यांनी आयुष्यात कधी खोटा कागद केला नाही, खोटी सही केली नाही. एकच खोटं बोलले, घरी बायकोशी, आणि ते माझ्यासाठी. वहिनींनी मला दारातून परत पाठवू नये म्हणून. मी म्हणालो, "खांब नव्हता, वहिनी. मला सगळं दिसलं."

त्यांनी कडीवरच्या शर्टांकडे पाहिलं. मला वाटलं आता जा म्हणतील. त्यांनी टेबलाखालची खुर्ची बाहेर ओढली.

"तो परत उभा ऱ्हातोय ना?"

"हो."

"मग बसा. लिवा."

मी लिहिलं. आमदाराचं नाव त्या कागदावर आहे. इथं ते छापता येणार नाही असं संपादक म्हणाले. खोटी साक्ष दिल्याबद्दल खटला माझ्यावर होऊ शकतो असं एका वकिलानं सांगितलं. व्हावा. सुटलेल्या माणसावर जुना खटला पुन्हा चालत नाही, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिलं, ते असं: मी, मधुकर रामचंद्र ठोंबरे, निवृत्त मुख्याध्यापक, त्या दिवशी सहा नंबरच्या टेबलाजवळ उभा होतो. दारातून पहिला आत तो आला. विश्वनाथ साळवे यांना त्याने कॉलर धरून ओढले, त्यांच्या जातीवरून शिवी दिली आणि खुर्चीने मारले. मी त्याला पाहिले. त्याच्या आणि माझ्यामध्ये काहीही नव्हते.

खाली मी सही केली. तारीख घातली. वहिनींनी कागद आपल्याकडे ओढून घेतला, एकेक अक्षर जोडत वाचला, आणि साक्षीदार म्हणून खाली आपली सही केली.